खानबहादुर अर्देशिर इराणी : पडद्यास वाचा देणारा पुरुष

ज्या सुखसोयी आपणांस आयत्या मिळतात, त्यांच्यामागें कोणाचे कष्ट आहेत याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. आमच्या ट्रॉम्बे-चेंबूरकडील पुष्कळ घरांतून आतां होम थिएटर नांवाची यंत्रसामग्री आलेली आहे. समोर मोठा पडदा, त्याच्या दोहों अंगांस व मध्यें एकेक स्पीकर, बसणाराच्या मागें आणखी दोन, आणि कोपऱ्यांत जमिनीवर खर्जाच्या आवाजाचा एक जाड ठोकळा, असा तिचा थाट असतो. पडद्यावर पाऊस पडूं लागला म्हणजे तो चोहों बाजूंनीं कोसळत असल्याचा भास होतो. मागून मोटार आल्याचा आवाज झाला कीं लहान मुलें मान वळवून पाहतात. फाइव्ह पॉइंट वन, सेव्हन पॉइंट वन हे आंकडे आमच्या विद्यार्थ्यांस पाढ्यांपेक्षां अधिक पाठ असतात! परंतु आपल्या देशांत पडद्यावरच्या माणसास प्रथम बोलतें कोणीं केलें, असें विचारलें तर वर्गांत शांतता पसरते. तें नांव खानबहादुर अर्देशिर मारवान इराणी हें होय. त्यांचें चरित्र येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अर्देशिर यांचा जन्म ५ डिसेंबर १८८६ रोजीं पुणें शहरीं एका जरथुष्ट्री कुटुंबांत झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत त्यांनीं शिक्षण घेतलें. त्यानंतर कांहीं काळ त्यांनीं शिक्षकाचें काम केलें, कांहीं काळ घासलेटच्या तपासनिसाची नोकरी केली, आणि शेवटीं ते वडिलांच्या दुकानीं येऊन बसले. हें दुकान वाद्यांचें व फोनोग्राफांचें होतें. फोनोग्राफ म्हणजे माणसाचा आवाज मेणाच्या नळकांड्यावर कोरून ठेवणारें व कर्ण्यांतून पुन्हा ऐकविणारें यंत्र. त्या काळीं लोकांस त्याची मोठी अपूर्वाई वाटे. गेलेला शब्द परत ऐकूं येतो, हें नवल या तरुणानें दुकानाच्या फळीवर रोज पाहिलें. पुढें त्याच्या हातून जें कार्य घडावयाचें होतें, त्याचा पहिला धडा त्यास येथेंच मिळाला असें म्हणण्यास हरकत नाहीं.

चलच्चित्रें आपल्याकडे प्रथम ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत दाखविण्यांत आलीं, आणि दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजीं लोकांपुढें आला. हे सारे मूकपट. तथापि मूकपटाचें गृह मुकें नसे. पडद्याशेजारीं पेटी व तबला वाजे, आणि अक्षरशत्रु प्रेक्षकांसाठीं एखादा गृहस्थ पडद्यावरील मजकूर मोठ्यानें वाचून दाखवी. अर्देशिर यांनीं अब्दुलअली युसुफअली यांच्याशीं भागीदारी करून प्रथम चित्रपट दाखविण्याचा धंदा केला. अलेक्झांड्रा आणि मॅजेस्टिक हीं मुंबईचीं नाट्यगृहें त्यांच्या व्यवस्थेखालीं आलीं. प्रेक्षक कोठें हंसतो, कोठें कंटाळतो व कोठें उठून जातो, हें त्यांनीं वर्षानुवर्षें जवळून पाहिलें.

पुढें स्वतः चित्रपट काढावे असें त्यांच्या मनानें घेतलें. भोगीलाल दवे यांच्यासह काढलेल्या स्टार कंपनीचा ‘वीर अभिमन्यु’ हा मूकपट १९२२ सालीं बाहेर पडला. त्यानंतर एकदोन कंपन्या बदलून १९२६ सालीं त्यांनीं इंपीरियल फिल्म कंपनी स्थापन केली. चाळिशीच्या सुमारास ते मुंबईंतील अग्रगण्य चित्रपटनिर्माते गणले जाऊं लागले. पैसा होता, नांव होतें, मूकपटांस मागणी होती. दुसरा एखादा तेवढ्यावर स्वस्थ बसला असता.

१९२९ सालचा ‘शो बोट’ हा अमेरिकन चित्रपट इराणी यांनीं मुंबईच्या एक्सेल्सिअर गृहांत पाहिला. तो संपूर्ण बोलका नव्हता. त्याचा कांहीं भाग मात्र बोलका होता. तेवढ्यानेंच त्यांच्या मनाची पकड घेतली. आपल्या लोकांस परकी भाषा इतकी गोड वाटते, तर त्यांचीच बोली पडद्यावरून ऐकूं आल्यास काय होईल, हा विचार त्यांस स्वस्थ बसूं देईना. बेने इस्रायल समाजांतील नाटककार जोसेफ डेव्हिड यांचें ‘आलम आरा’ हें नाटक त्यांनीं निवडलें. राजा, त्याच्या दोन राण्या, त्यांचा मत्सर, राजपुत्र व भटक्या टोळींत वाढलेली मुलगी यांची ही कथा. नायकाचें काम मास्टर विठ्ठल या मराठी नटास व नायिकेचें झुबेदा यांस देण्यांत आलें. पृथ्वीराज कपूर हेही त्यांत होते. हिंदुस्थानी भाषा सर्व प्रांतांत थोडीबहुत समजते, म्हणून बोलपट त्याच भाषेंत करण्याचें ठरलें.

खरी परीक्षा येथून पुढें होती. इराणी यांनीं टॅनर नांवाची ध्वनिलेखनाची सामग्री परदेशाहून आणविली. या पद्धतींत चित्र व आवाज हीं दोन्ही एकाच यंत्रानें एकाच फितीवर एकाच वेळीं टिपलीं जात. यंत्र लावून देण्यास विल्फर्ड डेमिंग हे परदेशी तंत्रज्ञ आले. त्यांचें वेतन दिवसास शंभर रुपये, म्हणजे त्या काळच्या मानानें फारच जबर होतें. तेव्हां इराणी व त्यांचे सहकारी रुस्तम भरुचा यांनीं डेमिंग यांच्यापाशीं राहून ती विद्या सुमारें महिन्याभरांत शिकून घेतली, आणि पुढील सर्व ध्वनिलेखन स्वतःच्या हातानें पार पाडलें. कंपनीचा धनी, वय चव्वेचाळीस, कानांस श्रवणयंत्र लावून नवशिक्याप्रमाणें यंत्रापुढें बसला आहे, हें चित्र आमच्या विद्यार्थ्यांनीं अवश्य डोळ्यांपुढें आणावें.

दुसरी अडचण जागेची. ज्योति स्टुडिओ हा रेल्वेच्या रुळांस अगदीं लागून होता. मुंबई बेटावर व बाहेर तेव्हां चोहोंकडे लोहमार्गाचें जाळें पसरत होतें. आमच्या ट्रॉम्ब्यापासून अंधेरीपर्यंतही १९२८ सालीं एक लहानसा फांटा सुरू झाला होता, तो १९३४ सालीं बंद पडला. ज्योति स्टुडिओजवळून तर दर कांहीं मिनिटांनीं गाडी जाई, आणि गाडी गेली कीं भिंती थरथरत. आज ध्वनिबंद खोल्या असतात. तेव्हां तशी कांहीं सोय नव्हती. शहर हलवितां येत नाहीं, गाडी थांबवितां येत नाहीं. मग इराणी यांनीं स्वतःची वेळ बदलली. शेवटची गाडी गेली म्हणजे कामास प्रारंभ करावयाचा आणि पहांटेची पहिली गाडी येण्यापूर्वीं तें आटोपावयाचें, असा क्रम पडला. रात्रीं एक ते चार हेच काय ते कामाचे तास. सारें नगर निजलें असतां पंचवीस-तीस माणसें श्वास रोखून उभीं राहत, आणि मग कोठें नट तोंड उघडीत.

मायक्रोफोन कॅमेऱ्यास दिसूं नये म्हणून तो नटांच्या आसपास कोठें तरी मोठ्या युक्तीनें लपवावा लागे. एकानें गावें व दुसऱ्यानें ओठ हलवावे ही सोय तेव्हां निघाली नव्हती. जो नट तोच गवई. पेटी, तबला व व्हायोलिन एवढ्याच वाद्यांवर गाणीं झालीं. वादकही कॅमेऱ्याच्या नजरेआड बसून वाजवीत. फकिराची भूमिका करणारे वझीर महंमद खान यांनीं त्यांत गाइलेलें गीत हें हिंदी चित्रपटांतील पहिलें गीत होय. असलीं सात गीतें त्या बोलपटांत होतीं. कोणी खोकला, कोणाच्या हातून भांडें पडलें, तर तेवढा भाग पुन्हा पहिल्यापासून करावा लागे. कारण आवाज मागाहून निराळा जोडण्याचा मार्गच नव्हता.

शनिवार, ता. १४ मार्च १९३१ रोजीं गिरगांवांतील मॅजेस्टिक गृहांत ‘आलम आरा’ लोकांपुढें आला. गर्दी इतकी लोटली कीं बंदोबस्तास पोलीस बोलवावे लागले. चार आण्यांचें तिकीट चार-पांच रुपयांस विकलें जाऊं लागलें. आजवर जीं माणसें पडद्यावर नुसते ओठ हलवीत होतीं, तीं आपल्या बोलींत बोलूं व गाऊं लागलीं, हें ऐकण्यासाठीं लोक तासन्‌तास उभे राहिले. पुढच्याच वर्षीं, ६ फेब्रुवारी १९३२ रोजीं, प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ आला आणि मराठी भाषाही पडद्यावर बोलूं लागली.

त्या दिवशीं मॅजेस्टिकमधील प्रेक्षकांनीं नेमकें काय ऐकलें असेल? सारा आवाज एकाच पट्टींत टिपलेला, आणि तो पडद्यामागील एकाच बाजूनें येणारा. नट डावीकडे असो वा उजवीकडे, शब्द येई तो ठरलेल्या एकाच जागेहून. आपला कान मात्र अशा आवाजानें पूर्ण फसत नाहीं. ध्वनि हवेंतून सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो. आपल्या दोन कानांत वीतभर अंतर आहे. म्हणून उजवीकडचा आवाज उजव्या कानास डाव्याच्या किंचित्‌ आधीं पोंचतो व किंचित्‌ मोठा लागतो. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, तरी तेवढ्यावरून मन दिशा ओळखतें. योगायोग असा कीं, त्याच १९३१ सालच्या डिसेंबर महिन्यांत इंग्लंडांत ॲलन ब्लुमलाइन या अठ्ठावीस वर्षांच्या तंत्रज्ञानें दोन मार्गांनीं आवाज टिपण्याच्या व ऐकविण्याच्या शोधाबद्दल सरकारी हक्क मागितला. पडद्यावर नट चालत गेला तर त्याचा शब्दही त्याच्याबरोबर चालत जावा, ही त्याची कल्पना. १९३५ सालीं त्यानें हेझ स्टेशनावरील धांवत्या आगगाड्यांचें बोलचित्र मुद्दाम घेतलें. मुंबईस ज्या आवाजापासून रात्रीं दडून बसावें लागलें, तोच आवाज ब्लुमलाइननें आपल्या विद्येच्या परीक्षेस निवडला, हें पाहून मोठी मौज वाटते. हा तरुण १९४२ सालीं युद्धकार्यांत विमान कोसळून मरण पावला.

इकडे इराणी थांबले नाहींत. १९३१ सालच्याच ऑक्टोबर अखेरीस त्यांच्या कंपनीचा ‘कालिदास’ हा बोलपट मद्रासेस लागला; त्यांत तमिळ व तेलुगू या भाषा ऐकूं आल्या. १९३३ सालीं त्यांनीं फारसी भाषेंतील पहिला बोलपट ‘दुख्तर-ए-लोर’ मुंबईस तयार करून इराणांत पाठविला. पूर्वजांच्या देशास त्या देशाच्या भाषेंतील पहिला बोलपट एका पुणेकरानें द्यावा, हें आम्हां महाराष्ट्रीयांस भूषणावह आहे. १९३७ सालीं त्यांनीं ‘किसान कन्या’ काढला. हिंदुस्थानांतच तयार झालेला तो पहिला रंगीत चित्रपट. रंगाचें वेड मात्र बोलपटाइतकें पसरलें नाहीं, आणि दुसऱ्याच वर्षीं इंपीरियल कंपनीचा कारभार आटोपला. सरकारनें त्यांस खानबहादुर ही पदवी दिली होती. उभ्या आयुष्यांत त्यांच्या हातून दीडशेंहून अधिक चित्रपट झाले. १४ ऑक्टोबर १९६९ रोजीं वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षीं मुंबई येथें त्यांचा अंत झाला.

त्यांच्या हयातींतच पडद्याचा एक आवाज अनेक झाला होता. १९४० सालीं वॉल्ट डिस्ने यांच्या ‘फँटासिया’साठीं तीन निराळ्या मार्गांनीं संगीत ऐकविण्यांत आलें. १९५३ सालच्या ‘द रोब’ या चित्रपटांत तीन मार्ग पडद्यामागें व चवथा प्रेक्षकांच्या भोंवतीं असे चार झाले. सराउंड साउंड म्हणजे भोंवतालचा ध्वनि तो हाच. इराणी यांच्यामागें सहा वर्षांनीं, १९७५ सालीं, ‘शोले’ हा भव्य पडद्यावर स्टिरिओ ध्वनीसह मुंबईच्या मिनर्व्हा गृहांत आला. त्याच सुमारास डॉल्बी कंपनीनें चार मार्ग दोन रेघांत गुंफून ठेवण्याची युक्ति प्रचारांत आणली; तीच १९८२ सालीं व्हिडिओ फितीबरोबर घरांत शिरली. १९९२ पासून पांच मार्ग पुरते वेगळे ठेवून सहावा केवळ खर्जासाठीं राखण्याची पद्धति आली. फाइव्ह पॉइंट वन यांतील शेवटचा एक तो हाच. तो ठोकळा कोपऱ्यांत ठेवला तरी चालतो, याचें कारण खर्जाची लाट कित्येक मीटर लांब असते व वीतभर अंतरावरील आपल्या कानांस तिची दिशा उमगत नाहीं. २०१२ पासून ॲटमॉस पद्धतीनें छतावरूनही आवाज उतरूं लागला.

हें सर्व वैभव सांगतांना एका गोष्टीचें आम्हांस फार दुःख होतें. ज्या ‘आलम आरा’पासून आपल्याकडे या वैभवाचा आरंभ झाला, त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. त्या काळची फीत नायट्रेटची असे. ती चटकन्‌ पेट घेई, आणि न पेटली तरी हळूहळू सडे. शिवाय फितींत चांदीचा अंश असे. जुन्या फितींतून चांदी काढून घेऊन बाकीचा भाग टाकून देणें हा तेव्हां एक धंदाच होता. खेळ संपला, फितीचें काम झालें, अशी सर्वांची समजूत. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ सालीं स्थापन झालें. तेव्हां इराणी हयात होते. जाणत्या मंडळींनीं पुष्कळ शोध केला, पण प्रत हातीं लागली नाहीं. २००३ सालीं पुण्यास लागलेल्या आगींत ती जळाली असें कित्येकांस वाटतें, परंतु ती त्यापूर्वींच नाहींशी झालेली होती. चित्र व आवाज एकाच फितीवर असल्यामुळें दोन्ही एकदमच गेलीं. कांहीं छायाचित्रें व जाहिराती उरल्या आहेत. त्यांत विठ्ठल व झुबेदा यांची मुद्रा दिसते. त्यांचा शब्द मात्र ऐकूं येत नाहीं. पहिला बोलपट पुन्हा मुका झाला आहे.

हें फार दूरचें आहे असें कोणी समजूं नये. ‘आलम आरा’ंत काम करणारे पृथ्वीराज कपूर यांचे पुत्र राज यांनीं आमच्या शेजारीं चेंबुरास आर. के. स्टुडिओ उभारला होता. १६ सप्टेंबर २०१७ रोजीं त्यास आग लागून जुन्या चित्रपटांतील पोशाख व वस्तु जळून गेल्या. पुढें ती जागाही विकली गेली. ज्यांच्या डोळ्यांदेखत हें घडलें, असे पुष्कळ पालक हा अंक वाचीत असतील.

इराणी यांच्या चरित्रापासून घ्यावयाचा बोध आम्हांस दुहेरी दिसतो. पहिला असा कीं, चांगला आवाज हवा असेल तर आधीं शांतता मिळवावी लागते. ज्यांच्यापाशीं एकच मायक्रोफोन होता, त्यांनीं रात्रीची झोंप देऊन ती मिळविली. आपल्याकडे मिरवणुकींत कानठळ्या बसविणाऱ्या कर्ण्यांच्या भिंतीस लोक डॉल्बी म्हणतात. परंतु ज्या रे डॉल्बी यांचें हें नांव, ते १९६३ ते १९६५ पर्यंत हिंदुस्थानांतच तांत्रिक सल्लागार होते, आणि त्यांचा कीर्ति मिळविणारा पहिला शोध फितीवरील नकोशी खरखर कमी करण्याचा होता, हें त्या भिंतीपुढें नाचणारांच्या गांवींही नसतें. घरांत सात स्पीकर मांडून शेजाऱ्याच्या परीक्षार्थी मुलाची रात्र बिघडविणें म्हणजे या विद्येचा उपयोग नव्हे. दुसरा बोध जतन करण्याचा. इराणी यांच्या पिढीस फीत टाकाऊ वाटली, कारण तिचें मोल कोणीं सांगितलेलें नव्हतें. आपणांस ही सबब उरलेली नाहीं. खिशांतल्या फोनवर आज प्रत्येक मुलास ध्वनिलेखन करतां येतें. आजीच्या ओव्या, आजोबांनीं सांगितलेल्या जुन्या ट्रॉम्ब्याच्या गोष्टी, खाडीवरील कोळ्यांचीं गाणीं, हें सारें येत्या सुटींत आमच्या विद्यार्थ्यांनीं टिपावें. टिपतांना पंखा व दूरदर्शन बंद ठेवावें, बोलणाराचें नांव व तारीख लिहून ठेवावी, आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणीं ठेवावी. तें ऐकण्यास एकच स्पीकर असला तरी पुरे.